वाल्डेमार हाफकिन : मुंबईची प्रयोगशाळा आणि एका बाटलीचा धडा

पालीतल्या आमच्या दवाखान्यात रक्तातील साखर तपासण्याचे यंत्र घ्यायचे म्हटले की रुग्ण विचारतात, कोणत्या कंपनीचे घेणार? कंपनी पाहावीच, पण तेवढे पुरत नाही. हे समजण्यासाठी वाल्डेमार हाफकिन यांचे आयुष्य पाहू.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा ते इथे आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या जागेत, मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या कैद्यांची तुलना केली.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून लस घेतलेले सुखरूप राहिले. तरी ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. पुढे उघड झाले की, गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू जाहीरपणे मांडली. ते दोषमुक्त झाले आणि कलकत्त्यात पुन्हा काम करू लागले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

लस चांगली होती, चूक हाताळणीत झाली. दवाखान्यातल्या यंत्राचेही तसेच आहे. म्हणून यंत्र निवडताना मी पाहतो : त्याच्या पट्ट्या नियमित मिळतात का, नियंत्रण द्रावणाने त्याची अचूकता तपासता येते का, दुरुस्तीची सोय आहे का. वापरताना प्रत्येक रुग्णाला नवी सुई, पट्टीची मुदत पाहणे आणि बॅच क्रमांकाची नोंद हवीच. आकडा लक्षणांशी जुळत नसेल, तर मोठ्या प्रयोगशाळेत फेरतपासणी करावी.

तुम्हीही डॉक्टरांना हे जरूर विचारा. त्यात संकोच नको.