सिडनी कॉटन : हवाई टेहळणीचा जनक आणि निजामाची विमाने

मंडळाच्या स्मरणिकेत चरित्रलेख यावयाचा म्हणजे तो एखाद्या संताचा, समाजसुधारकाचा किंवा फार तर नटश्रेष्ठाचा, असा आपल्याकडे रूढ संकेत आहे. या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी आम्ही निवडलेला चरित्रनायक यांपैकी कोणीच नव्हे. तो ऑस्ट्रेलियात जन्मला, इंग्लंडात वारला आणि मराठीचा एक शब्दही बहुधा त्याच्या कानी पडला नसावा. तथापि आमच्या सभासदांपैकी ज्या कुटुंबांचे मूळ गाव बीड, परभणी, नांदेड या बाजूचे आहे, त्यांच्या घरच्या इतिहासाशी या गृहस्थाचा संबंध आहे. आणि तो सुखद नाही. हाच मनुष्य दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांना आकाशातून पाहणारे डोळे देऊन गेला. या दोन गोष्टी एकाच आयुष्यात कशा बसल्या, हे पाहावे म्हणून आम्ही लेखणी हाती घेतली आहे.

फ्रेडरिक सिडनी कॉटन याचा जन्म १७ जून १८९४ रोजी क्वीन्सलंडमधील एका गुरांच्या विस्तीर्ण कुरणवाडीवर झाला. शिक्षण काही ऑस्ट्रेलियात, काही इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे झाले. पहिले महायुद्ध पेटल्यावर तो इंग्लंडला गेला आणि नौदलाच्या हवाई शाखेत वैमानिक झाला. त्या काळची विमाने उघडी असत व उंचावर गेले म्हणजे वैमानिकांची बोटे थंडीने बधिर होत. कॉटनच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. इतर वैमानिक कुडकुडत उतरत, पण इंजिनाच्या दुरुस्तीचे तेलकट, मळके कपडे तसेच अंगावर ठेवून उडालेला तो स्वतः मात्र उबदार राही. तेलाने माखलेले कापड वारा आत येऊ देत नाही व शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही, हे त्याने ओळखले आणि १९१७ मध्ये आतून अस्तर लावलेला, हवा आत न शिरणारा अखंड पोशाख शिवून घेतला. त्याच्याच नावाची आद्याक्षरे जुळवून त्यास सिडकॉट म्हणू लागले. ब्रिटिश हवाई दलात हा पोशाख पुढे कितीतरी वर्षे वापरात होता. अधिकाऱ्यांशी खटके उडाल्याने कॉटनने मात्र त्याच वर्षी राजीनामा दिला. ही त्याची आयुष्यभराची रीत झाली. डोके तल्लख, हात कुशल, परंतु वरिष्ठांची परवानगी मागणे त्यास कमीपणाचे वाटे.

मधल्या वीस वर्षांत त्याने न्यूफाउंडलंडमध्ये विमानातून पाहणी केली, रंगीत चित्रफितीच्या धंद्यात हात घातला, पैसा मिळवला आणि घालवला. त्या भानगडींत आम्ही वाचकांस गुंतवीत नाही.

खरी कथा १९३८ मध्ये सुरू होते. जर्मनी युद्धाची तयारी करीत होती, पण तिचे कारखाने, विमानतळ, युद्धनौका यांची विश्वसनीय माहिती ब्रिटिशांजवळ नव्हती. त्यांच्या गुप्तहेर खात्यातील फ्रेडरिक विंटरबॉटम याने कॉटनला हाताशी धरले. एक बनावट व्यापारी कंपनी उभी राहिली आणि तिच्या नावे लॉकहीड जातीचे एक दुइंजिनी प्रवासी विमान घेण्यात आले. धनाढ्य उद्योगपती कामानिमित्त युरोपभर हिंडत आहे, असे त्याचे सोंग होते. विमानाच्या तळाशी मात्र कॅमेरे दडवलेले होते. वैमानिकाने कळ दाबली की झाकणे सरकत आणि छायाचित्रे निघत.

यात एक अडचण होती. अतिउंचावर भिंगांवर दव साचे व चित्र धुरकट येई. विमानाच्या आतली गरम हवा कॅमेऱ्यांवरून बाहेर वाहू दिली म्हणजे भिंगे स्वच्छ राहतात, हे कॉटनला दिसून आले, आणि पुष्कळ उंचीवरून स्वच्छ छायाचित्रे घेण्याचा मार्ग मोकळा झाला. १९३९ च्या उन्हाळ्यात त्याने भूमध्य समुद्रातील इटालियन तळ टिपले. त्याच वर्षी फ्रँकफुर्टच्या विमान मेळाव्यात जर्मन सेनापती केसेलरिंग यास आपल्या विमानातून फिरवून आणत असतानाच खाली कॅमेरे चालू ठेवल्याचा किस्सा तो पुढे सांगत असे. त्यातील मीठमसाला वजा करूनही या मनुष्याच्या धाडसाची कल्पना येते.

युद्ध सुरू झाले आणि ब्रिटिश हवाई दलाच्या ब्लेनहाइम विमानांना साधी हॉलंडच्या किनाऱ्याची छायाचित्रेसुद्धा धड मिळेनात. कॉटनला सल्ल्यासाठी बोलावले. तो सल्ला देत बसला नाही. आपले प्रवासी विमान काढून, कोणासही न विचारता, तो थेट गेला आणि छायाचित्रे आणून अधिकाऱ्यांपुढे ठेवली. ती हवाई दलाच्याच कॅमेऱ्यांनी घेतली असावीत, असे समजून अधिकारी त्यांची वाखाणणी करू लागले; खरे कळताच गहजब झाला. तरीही सप्टेंबर १९३९ मध्ये लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावर एक लहानसे गुप्त पथक उभारून त्याची सूत्रे कॉटनच्या हाती देण्यात आली. छायाचित्र टेहळणी पथकाचा उगम हा असा आहे.

या पथकामागील विचार मॉरिस लाँगबॉटम या तरुण अधिकाऱ्याने एका टिपणात मांडला होता आणि तो तोवरच्या समजुतीच्या अगदी उलट होता. टेहळणीचे विमान लढण्यासाठी नाहीच. त्याने शत्रूस दिसू नये, दिसलेच तर सापडू नये, एवढेच पुरे. म्हणून कॉटनने त्या वेळचे सर्वांत वेगवान स्पिटफायर मागितले. एकेक स्पिटफायर मोलाचे असताना सेनापती डाउडिंगने त्यास दोन दिली. कॉटनने त्यांतील मशीनगन काढल्या, रेडिओ काढला, पत्र्याच्या फटी बुजवल्या, अंग घासून गुळगुळीत केले, पंखांत कॅमेरे बसवले. वेग ताशी सुमारे ३० मैलांनी वाढला. रंगाची गोष्ट तर आम्हां भारतीयांस मौजेची वाटेल. हेस्टनवर जोधपूरच्या महाराजांचे फिकट हिरवट रंगाचे एक विमान येत असे. ते उडाले की क्षणात आकाशात विरून जाई, हे कॉटनने टिपून ठेवले आणि तशीच छटा आपल्या विमानांस दिली, असे सांगतात. १८ नोव्हेंबर १९३९ रोजी लाँगबॉटम स्पिटफायरमधून जर्मन सीमेवरील आखेन शहराच्या रोखाने निघाला. छायाचित्र टेहळणीचे हे स्पिटफायरचे पहिले उड्डाण.

छायाचित्र काढले म्हणजे काम संपत नाही, हेही कॉटनने जाणले. तीस हजार फुटांवरून घेतलेल्या चित्रात युद्धनौका म्हणजे तांदळाचा दाणा. लागोपाठची दोन चित्रे एकमेकांवर अर्ध्याहून अधिक भाग येईल अशी घेतली आणि दुभिंगी यंत्राखाली शेजारी ठेवली, की जमीन उंचसखल दिसू लागते. सावलीच्या लांबीवरून उंची काढता येते. वेम्बली येथील एका नकाशे करणाऱ्या कंपनीकडे असे बारीक मोजमापाचे स्विस यंत्र होते. कॉटनने हवाई दलाच्या चाकोरीला बगल देऊन चित्रे परस्पर तिकडे नेली. पुढे मेडमनहॅम येथे जे विख्यात छायाचित्र वाचन केंद्र झाले, त्याची मुळे यात आहेत.

परवानगीवाचूनचा हा कारभार फार काळ चालणारा नव्हता. फ्रान्सचा पाडाव होत असतानाच, जून १९४० मध्ये, कॉटनला पथकावरून दूर करून जेफ्री टटल यास नेमले. १९४१ मध्ये एक पदवी देऊन त्याची बोळवण झाली. पथक मात्र वाढत गेले. २१ मे १९४१ रोजी मायकेल सकलिंग या तरुण वैमानिकाने नॉर्वेच्या किनाऱ्यावर बिस्मार्क ही जर्मन युद्धनौका टिपली आणि २७ मे रोजी ती बुडाली. पीनेम्युंडे येथील उडत्या बाँबचा सुगावा १९४३ मध्ये अशाच छायाचित्रांतून लागला. आपल्याकडे कलकत्त्याजवळ डमडम येथून याच पद्धतीची स्पिटफायर व मॉस्किटो विमाने ब्रह्मदेशावर जात. आराकान आघाडीवर बाबा मेहरसिंग यांच्या नेतृत्वाखालील भारतीय हवाई दलाच्या ६ क्रमांकाच्या तुकडीने हरिकेन विमानांतून केलेल्या टेहळणीमुळे तिला चौदाव्या सेनेचे डोळे म्हणू लागले. रायपुरास विमानाने येणारे आमचे पाहुणे ज्या माना गावी उतरतात, तेथील धावपट्टीचा इतिहासही त्याच युद्धापर्यंत मागे जातो.

येथे कथा संपती तर आम्ही ती स्मरणिकेत घेतली नसती.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. हैदराबादचा निजाम मात्र भारतात सामील होईना. त्याच्या राज्यातील १६ जिल्ह्यांपैकी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच मराठी भाषकांचे होते. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांनी खेड्यापाड्यांत दहशत मांडली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील चळवळीचे कार्यकर्ते सीमेपलीकडच्या छावण्यांतून लढत होते. मनमाड, बार्शी, उमरखेड ही त्या छावण्यांची नावे आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात येत असत. उमरखेड वऱ्हाडात, आणि वऱ्हाड, नागपूर व आमचे रायपूर तेव्हा एकाच प्रांतात होते. निजामाला शस्त्रे हवी होती. पण चहूबाजूंनी भारतीय मुलूख व समुद्र कोठेच नाही. मार्ग उरला आकाशाचा.

तो मार्ग १९४८ मध्ये सिडनी कॉटनने उघडला. लँकेस्टर बाँबफेकी विमानाचे लँकेस्ट्रियन नावाचे प्रवासी रूप होते. तशी काही विमाने मिळवून तो कराचीहून रात्री बीदर व वरंगळच्या धावपट्ट्यांवर शस्त्रे उतरवू लागला. कराची ते बीदर अशी सरळ रेघ नकाशावर ओढली तर ती सुमारे तेराशे किलोमीटर भरते आणि बीड जिल्ह्यावरून जाते. ज्या गावांत लोक रझाकारांच्या भयाने जागे राहत, त्याच मुलखात ती शस्त्रे जात होती. भारतीय हवाई दलाजवळ त्या वेळी रात्री अशा विमानांस गाठण्याची पुरेशी साधने नव्हती. न दिसणे आणि न सापडणे हीच तर कॉटनची हयातभराची विद्या.

त्याने हे का केले? निजाम हा ब्रिटिशांचा जुना निष्ठावंत मित्र. महायुद्धात त्याच्या पैशाने हैदराबादचे नाव धारण करणारी स्पिटफायरची तुकडीही उभी राहिली होती. अशा मित्रास एकटे सोडणे योग्य नव्हे, असे कॉटन स्वतःचे समर्थन करी. त्यात अजिबात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु मोबदल्याचा विचार त्याच्या मनात नव्हता असे मानण्याइतके आम्ही भोळेही नाही. उंचावरून भूमी पाहणाऱ्यास घरे दिसतात, घरांतली माणसे दिसत नाहीत. जर्मनीवरून उडताना त्याचे हे न पाहणे कोणास खुपले नाही. मराठवाड्यावरून उडताना ते आम्हांस खुपते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना हैदराबाद राज्यात शिरली. १७ तारखेस निजामाने युद्ध थांबवले आणि दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती अल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. कॉटनने आणलेल्या शस्त्रांनी निकालात काही फरक पडला नाही. त्या दिवसांनंतर मराठवाड्यात कित्येक ठिकाणी निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला, हेही येथे नोंदवणे आमचे कर्तव्य आहे. सुंदरलाल समितीने त्याची चौकशी केली होती.

कॉटनवर इंग्लंडमध्ये हवाई वाहतुकीचे नियम मोडल्याबद्दल खटला झाला व २०० पौंड दंड ठोठावण्यात आला. दंड भरून तो नव्या धंद्यांस लागला. त्याच्या आठवणींचे पुस्तक १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी १३ फेब्रुवारी रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तो इंग्लंडमध्ये वारला. त्याचे दफन क्वीन्सलंडमध्ये, जन्मभूमीत, करण्यात आले.