आधी गिरणीतला माणूस

मैत्रिणींनो, आपल्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत सकाळी डबा घेऊन किती तरी घरांतली माणसं कामाला जातात. मागे राहणाऱ्या बाईला दोनच काळज्या असतात. माणूस धडधाकट घरी यावा आणि म्हातारपणी हाताशी दोन पैसे असावेत. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच विदर्भात एका मालकाने ही काळजी ओळखली होती. ते म्हणजे जमशेटजी टाटा.

३ मार्च १८३९ रोजी नवसारीला एका पारशी पुरोहित घराण्यात त्यांचा जन्म झाला. मुंबईत शिकून ते वडिलांच्या व्यापारात शिरले. कापडगिरण्या तेव्हा बहुतेक मुंबईतच निघायच्या. जमशेटजींनी मात्र कापूस पिकतो तिथेच, नागपूरला गिरणी काढली. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली.

पण कामगार टिकेनात. रोज कुणी ना कुणी खाडा करायचा. जमशेटजींनी दंडुका उगारला नाही. चांगलं काम करणाऱ्यांना बक्षिसं दिली. १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू केला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. कायद्याने भरपाई आली १९२३ मध्ये आणि प्रॉव्हिडंट फंड १९५२ मध्ये! अर्थात सगळंच सोन्याचं नव्हतं. मोठ्या पुरुषांच्या कामाच्या तासांना तेव्हा कायद्याची मर्यादाच नव्हती. तरी आपल्या म्हातारपणाचा विचार मालक करतो, हे कळलं की माणसाचा जीव कामात लागतो.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीत जमशेटजी वारले. पुढे ती गिरणीही बंद पडली, पण धडा राहिला.

२०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. शाळेला बाकं मिळतात, गावाला पाणी मिळतं. आम्ही समाजकार्य करणाऱ्या बायकांना त्याचा आनंदच आहे. पण फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च त्या दोन टक्क्यांत धरत नाहीत. म्हणजे कामगाराचं देणं वेगळं, आणि ते आधीचं. बाहेर दानधर्म आणि आत फंडाचे पैसेच भरलेले नाहीत, असं असेल तर कंपनीच्या नावाच्या पाटीचं कामगाराला काय कौतुक वाटणार?

तेव्हा आज घरच्या माणसाला एवढं विचाराच, पीएफ दरमहा जमा होतो ना? अपघात झाला तर भरपाई कोण देणार? हे विचारण्यात लाज कसली? तो आपल्या घराचा हक्क आहे.