एका पानाच्या तीन चवी! पानफुटीचं गुपित जिभेने पकडणारे डॉ. बेंजामिन हायने

रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतून फिरताना एखाद्या कुंपणाशी पानफुटी दिसली, तर जरा थांबा. जाड पानांचं, पानाच्या कडेला नवी रोपं फुटणारं हे साधं झाड. पण दोनशे वर्षांपूर्वी याच झाडाने एका डॉक्टरला बुचकळ्यात टाकलं होतं.

त्यांचं नाव बेंजामिन हायने. जन्म 1770 चा, आजच्या जर्मनीतल्या सॅक्सनीमधला. धर्मप्रसारासाठी ते तमिळ किनाऱ्यावरच्या ट्रँकेबारला आले, पण जीव रमला झाडांमध्ये. पुढे ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी धरली. विल्यम रॉक्सबर्ग 1793 मध्ये कलकत्त्याला गेले, तेव्हा समलकोटची बाग हायनेंकडे आली. 1799 मध्ये टिपू सुलतानाचा पाडाव झाल्यावर ते म्हैसूरच्या सर्वेक्षणात गेले. बंगळुरूची लालबागही काही काळ त्यांनी सांभाळली.

या धावपळीत त्यांना एक गंमत कळली. पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे कडवट. ना यंत्र, ना प्रयोगशाळा, फक्त जीभ! त्यांनी हे लंडनच्या लॅम्बर्ट यांना पत्राने कळवलं आणि 1815 मध्ये लिनियन सोसायटीने ते छापलं.

आता यामागचं कारण समजून घेऊ. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, पण त्यात पाणी उडून जातं. पानफुटी छिद्रं रात्री उघडते आणि घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते. म्हणून सकाळी पान आंबट. दिवसा छिद्रं बंद करून तेच आम्ल मोडते, त्यातून वायू सुटतो आणि उन्हात साखर बनते. दुपारपर्यंत आंबटपणा गायब!

आल्प्सच्या उंच, कोरड्या खडकांवरची सेम्परव्हायव्हमसारखी जाड पानांची झाडंही हीच युक्ती वापरतात. तिथे खडकाच्या फटीत माती जेमतेम, ती पटकन सुकते. त्यामुळे पाण्याचा थेंबन् थेंब मोलाचा.

हायने 1819 मध्ये मद्रासला वारले, पन्नाशीही न गाठता. त्यांनी जमवलेल्या वनस्पतींवरचं रोथ यांचं पुस्तक आलं 1821 मध्ये. ते पाहायला हायने नव्हते. विसाव्या शतकात या प्रक्रियेला इंग्रजीत 'कॅम' हे नाव मिळालं. त्यात पानफुटीचं क्रॅसुलेसी कूळ आहे, हायने मात्र नाहीत.

आणि हो, पान चाखायला जाऊ नका. त्यात विषारी घटकही असतात. ती जोखीम हायनेंनी आपल्यासाठी आधीच घेतली आहे.