विश्लेषण : वाळूत रुतलेली गाडी काढता काढता वाळूचे विज्ञान लिहिणारा माणूस… कोण होते राल्फ बॅग्नॉल्ड?

कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यावर पर्यटकांची एसयूव्ही वाळूत रुतल्याची बातमी दर मोसमात येते. गाडी फोर बाय फोर असते, चालक जोरात अॅक्सिलरेटर दाबतो, चाके जागच्या जागी फिरून खड्डा करतात आणि भरतीचे पाणी जवळ येऊ लागते. अशा वेळी जाणकार मंडळी दोन गोष्टी सांगतात. आधी टायरमधली हवा कमी करा, मग चाकाखाली काहीतरी कडक सरकवा. ऑफ-रोडिंग करणाऱ्यांकडे यासाठी छिद्रांच्या लांब पट्ट्या असतात. या दोन्ही युक्त्या जवळपास शंभर वर्षांपूर्वी लिबियाच्या वाळवंटात काही मित्रांनी सुटीच्या दिवसांत पक्क्या केल्या. त्यांचा म्होरक्या होता ब्रिटिश लष्करातला एक इंजिनीअर, राल्फ अॅल्जर बॅग्नॉल्ड.

बॅग्नॉल्ड वाळवंटात पोहोचले कसे?

बॅग्नॉल्ड यांचा जन्म ३ एप्रिल १८९६ चा. वडील लष्कराच्या रॉयल इंजिनीअर्समध्ये कर्नल होते. थोरली बहीण एनिड पुढे ‘नॅशनल व्हेल्व्हेट’ या कादंबरीची लेखिका म्हणून प्रसिद्ध झाली. राल्फ वडिलांच्याच दलात दाखल झाले, पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत लढले, युद्धानंतर केंब्रिजला जाऊन इंजिनीअरिंग शिकले आणि पुन्हा लष्करात आले. १९२६ मध्ये त्यांची नेमणूक कैरोत झाली.

तिथल्या अधिकाऱ्यांचा फावला वेळ पोलो, पार्ट्या आणि क्लब यांत जाई. बॅग्नॉल्ड आणि त्यांच्या मित्रांनी मात्र फोर्डच्या मॉडेल टी गाड्या घेतल्या आणि सुटी मिळेल तेव्हा ते सिनाई, पॅलेस्टाईनकडे निघू लागले. मग पश्चिमेकडचे सिवा. खर्च आपापला, गाड्या स्वतःच्या, मेकॅनिकही स्वतःच. काही काळ बॅग्नॉल्ड यांची बदली भारताच्या वायव्य सरहद्दीवर, वझिरिस्तानात झाली, तरी वाळवंटाचे वेड सुटले नाही.

गाड्यांत नेमके काय बदल केले?

दारे, बॉनेट, काच असे जे जे नसले तरी चालेल ते काढून टाकले. मागे लाकडी खोके बसवले आणि त्यात पेट्रोल, पाणी, स्प्रिंगची जादा पाती ठेवली. पण वाळवंटात गाडी मारते ती वेगळ्याच कारणाने. मऊ वाळूत खालच्या गियरवर इंजिन तापते, रेडिएटरमधले पाणी उकळून वाफ होऊन उडून जाते. म्हणजे पिण्याचे पाणी गाडीला पाजावे लागते. माणूस आणि इंजिन एकाच पिंपातून पाणी पिऊ लागले की दोघांचाही हिशेब चुकतो.

यावरचा उपाय इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पटेल असा आहे. रेडिएटरची वाफ बाहेर सोडण्याऐवजी ती नळीने बाजूच्या फूटबोर्डवर बसवलेल्या पाण्याच्या डब्यात न्यायची. डब्यातल्या पाण्यात वाफ थंड होऊन तिचे पाणी होते. डबाही उकळू लागला की गाडी वाऱ्याकडे तोंड करून थांबवायची. इंजिन थंड होताच रेडिएटरमध्ये पोकळी तयार होते आणि डब्यातले पाणी गुडगुडत आपोआप परत ओढले जाते. आजच्या गाडीत कूलंटची जी प्लास्टिकची बाटली दिसते, तिचेही तत्त्व हेच. ही कल्पना बॅग्नॉल्ड यांची एकट्याची नव्हती. पहिल्या महायुद्धात याच वाळवंटात फिरलेल्या ब्रिटिशांच्या ‘लाइट कार पेट्रोल’ तुकड्यांनी असे डबे वापरले होते. बॅग्नॉल्ड यांनी ती व्यवस्था भरवशाची केली.

दिशेचेही तसेच. गाडीच्या लोखंडामुळे चुंबकी होकायंत्र भरकटते आणि दर वेळी गाडीपासून लांब चालत जाऊन दिशा बघणे कंटाळवाणे. म्हणून सूर्य-होकायंत्र आले. अंश कोरलेली गोल तबकडी, मध्ये उभी सुई. वेळेप्रमाणे तबकडी फिरवायची आणि सुईची सावली ठरलेल्या रेषेवर राहील अशी गाडी हाकायची. बॅग्नॉल्ड यांनी त्याला दिलेले रूप पुढे लष्कराने स्वीकारले.

आणि त्या पट्ट्या? खंदकांच्या छपरांसाठी बनवलेल्या जाड पोलादी पन्हळी कैरोतल्या एका भंगारवाल्याकडे मिळाल्या. सुमारे पाच फूट लांब. रुतलेल्या मागच्या चाकापुढची वाळू हाताने उकरायची, पन्हळ खाली सरकवायची, गाडी तिच्यावरून पुढे आली की धावत जाऊन पन्हळ उचलायची. हे काम दिवसातून कितीदाही करावे लागे.

टेकड्या ओलांडता येतात, हे कसे कळले?

इजिप्त आणि लिबियाच्या सीमेवर ‘ग्रेट सँड सी’ हा वाळूचा समुद्र आहे. उत्तर-दक्षिण पसरलेल्या टेकड्यांच्या रांगा, काही शंभर मीटरपर्यंत उंच. १८७४ मध्ये जर्मन प्रवासी गेरहार्ड रोल्फ्स उंटांचा तांडा घेऊन पश्चिमेकडे निघाले होते. या रांगा आडव्या आल्या आणि त्यांना उत्तरेला सिवाकडे वळावे लागले. जिथे उंट हरले तिथे मोटार काय जाणार, हीच सर्वांची समजूत होती.

बॅग्नॉल्ड यांनी मॉडेल ए गाडी टेकडीवर सरळ भरधाव सोडून पाहिली. गाडी रुतली नाही, वर चढली. कारण वाऱ्याकडच्या बाजूला वाळूचे कण वाऱ्याने घट्ट बसवलेले असतात. हवा कमी केलेल्या रुंद टायरचा भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो आणि वेगामुळे चाकाला खाली जायला सवडच मिळत नाही. धोका पलीकडे असतो. माथ्यामागची बाजू तीस-बत्तीस अंशांची, सैल आणि घसरती. माथ्यावर नेमके थांबता आले नाही तर गाडी हवेत. त्यामुळे वेग किती ठेवायचा आणि कुठे सोडायचा, हे वाळूचा रंग आणि सावली वाचून ठरवावे लागे.

१९३२ मध्ये ही मंडळी उवैनात पर्वतापर्यंत आणि तिथून सुदानमधल्या अल-फाशेरपर्यंत जाऊन परतली. सोबत सर्वेक्षण चाले, नकाशे तयार होत. ‘झरझुरा’ नावाचे दंतकथेतले हरवलेले ओअॅसिस शोधणाऱ्यांचा एक गमतीदार क्लबही निघाला होता.

या भटकंतीकडे नुसता छंद म्हणून पाहणे मात्र पुरेसे नाही. हे सगळे साम्राज्याचे नोकर होते आणि वाळवंट रिकामे नव्हते. १९३१ मध्ये इटलीने कुफ्रा जिंकले, तेव्हा तिथले लोक बायका-मुलांसह पाण्याविना वाळवंटात पळाले आणि कित्येक वाटेतच मेले. या मंडळींपैकी पॅट क्लेटन तेव्हा इजिप्तच्या सर्वेक्षण खात्याच्या कामावर होते. त्यांनी आपल्या गाड्या या निर्वासितांना वाचवण्यासाठी वापरल्या.

छंदाची लष्करी तुकडी कशी झाली?

१९३५ मध्ये बॅग्नॉल्ड निवृत्त झाले होते. १९३९ मध्ये युद्धामुळे परत बोलावणे आले. केनियाला निघालेले त्यांचे जहाज भूमध्य समुद्रात दुसऱ्या जहाजावर आदळले आणि दुरुस्तीसाठी थांबले, म्हणून ते योगायोगाने कैरोत पोहोचले. वाळवंटात दूरवर जाणारी तुकडी हवी, ही त्यांची सूचना वरिष्ठांनी आधी फेटाळली. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर ती थेट जनरल वेव्हेल यांच्या टेबलावर गेली आणि सहा आठवड्यांत तयारी करायची परवानगी मिळाली.

त्यांनी जुन्या मित्रांना गोळा केले. बिल केनेडी शॉ, क्लेटन, गाय प्रेंडरगास्ट. काही शेव्हर्ले ट्रक डीलरकडून, काही इजिप्तच्या सैन्याकडून घेतले. माणसे न्यूझीलंडची, त्यांतले बरेच शेतकरी, स्वतःचे यंत्र स्वतः दुरुस्त करायची सवय असलेले. डबे, पन्हळी, सूर्य-होकायंत्र सगळे तेच. हा ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’. पुढे भारतीय सैनिकांची ‘इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन’ही त्याला जोडली गेली.

जानेवारी १९४१ मध्ये मुर्झुकवर छापा पडला. परतीत शत्रूने गाठले, ट्रक जळाले, क्लेटन कैद झाले. मागे राहिलेले रॉनल्ड मूर यांच्यासह चौघे जेमतेम पाणी घेऊन चालत निघाले. दहा दिवसांत मूर यांनी सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापले. चौघांतला एक जण वाचला नाही. गाडी नसली की या प्रदेशात माणसाची काय किंमत उरते, ते इथे दिसले.

विद्या शत्रूकडेही होती. झरझुराच्या शोधात क्लेटन यांच्यासह फिरलेले हंगेरियन लास्झलो अल्माशी (‘द इंग्लिश पेशंट’चा नायक ज्यांच्यावर बेतला, ते) १९४२ मध्ये जर्मनांसाठी दोन हेरांना याच वाळवंटातून मोटारीने नाईलकाठी असियूतला सोडून आले.

मग विज्ञान कुठे आले?

चंद्रकोरीच्या आकाराच्या टेकड्या पुढे सरकतात, पण आकार मोडत नाहीत. वारा वाळू सगळीकडे सारखी का पसरवत नाही, तिचे ढीग का करतो? गाडी काढता काढता पडलेला हा प्रश्न घेऊन निवृत्तीनंतर बॅग्नॉल्ड यांनी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये स्वतः वातबोगदा बांधला. वाळू हवेत तरंगत जात नाही, तर तिचे कण उड्या मारतात, आपटतात आणि पुढच्या कणांना उडवतात. वाऱ्याचा जोर थोडा वाढला तरी वाहून जाणारी वाळू साधारण त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढते. याचे पुस्तक १९४१ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना आले. १९४४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पुढे नद्यांतल्या गाळावरही त्यांनी बरीच वर्षे काम केले. २८ मे १९९० रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मंगळावर ‘स्पिरिट’ हे रोव्हर २००९ मध्ये मऊ मातीत रुतले, ते पुन्हा निघाले नाही. त्यानंतर २०१५ च्या अखेरीस ‘क्युरिऑसिटी’ गेल विवरातल्या सरकत्या काळ्या टेकड्यांपाशी पोहोचले. त्यांना नाव दिले आहे ‘बॅग्नॉल्ड ड्यून्स’. तिथल्या विरळ हवेत वाळूवर उठलेल्या काही लाटांमध्ये तीन-तीन मीटर अंतर आहे, पृथ्वीवरच्या कोरड्या वाळूत न दिसणारे. रोव्हरने तिथली वाळू खोऱ्याने उचलली, चाळली आणि तपासली.