न अडखळणाऱ्या पिस्तुलाचा शिल्पकार
तत्कालीन युटा प्रदेशातील ऑग्डेन येथे १८५५ मध्ये जन्मलेल्या जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी बंदुका घडविण्याचे कसब वडिलांच्या कार्यशाळेत आत्मसात केले. फिलिपिन्समधील लढायांत पॉइंट ३८ रिव्हॉल्व्हर शत्रूला रोखण्यास अपुरे ठरल्याने अमेरिकी लष्कराने मोठ्या गोळीचा आग्रह धरला. ब्राउनिंग यांचे पॉइंट ४५चे अर्धस्वयंचलित पिस्तूल १९१०च्या चाचणीत ६,००० फैरी झाडूनही अडखळले नाही. २९ मार्च १९११ रोजी त्याचीच निवड झाली. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जियममधील शस्त्रकारखान्यात काम करीत असतानाच ब्राउनिंग यांचे निधन झाले. सैनिकाच्या कमरेसाठी घडलेले त्यांचे पिस्तूल मात्र १९८५पर्यंत लष्कराचे अधिकृत पिस्तूल राहिले आणि नेमबाजांच्याही पसंतीस उतरले.