न्यायमूर्ती रानडे : ऋणको आणि धनको यांच्यामधला न्याय

१८ जानेवारी ही न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची जयंती. समाजसुधारक म्हणून आपण त्यांना दरवर्षी स्मरतो. कर्जाच्या दाव्यांतील त्यांचे काम मात्र आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही. या वर्षी त्याचीच आठवण करावी, असे आम्हांस वाटले.

रानडे यांचा जन्म १८४२ साली नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. बालपण कोल्हापुरात गेले. कायद्याची पदवी घेतल्यावर १८७१ मध्ये ते पुण्यास न्यायखात्यात रुजू झाले.

त्या काळी दख्खनचा शेतकरी कर्जात बुडाला होता. अमेरिकेतील युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले होते, सारा वाढला होता. निरक्षर कुणबी न वाचताच रोख्यावर अंगठा उठवी आणि कोर्टात तोच रोखा त्याच्याविरुद्ध उभा राही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उद्रेक झाला. लोकांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले. मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा भर होता. दुखणे कुठे होते, हे त्यावरून कळते.

१८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी होता. नुसता रोखा पाहून हुकूमनामा देणे थांबले. न्यायाधीशाने व्यवहाराचा मुळापासून शोध घ्यावा, मुद्दल व व्याज यांचा हिशेब वेगळा मांडावा, फेडीस हप्ते बांधून द्यावेत, असे ठरले. कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. दाव्याआधी समेट घडवण्यासाठी गावोगावी सलोखा करणारे नेमले गेले.

या कायद्याच्या अंमलबजावणीत रानडे १८८१ पासून विशेष न्यायाधीशांचे सहायक होते. खालच्या कोर्टांची कामे तपासत ते गावोगाव फिरले. १८८७ मध्ये ते स्वतः विशेष न्यायाधीश झाले आणि १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले.

सावकाराला त्यांनी शत्रू मानले नाही, हे आम्हांस विशेष वाटते. पैसा बुडण्याची भीती असेल तर व्याज चढणारच, हे ते जाणत होते. युरोपातील जमीन-तारणाच्या पेढ्यांचा अभ्यास करून, धनकोची रक्कम सुरक्षित राहील आणि ऋणकोला कमी व्याजाने मिळेल, अशी पतव्यवस्था त्यांनी आपल्या अर्थविषयक लेखनात सुचवली.

आज आपल्यातील कित्येक जण दुकानासाठी कर्ज काढतात, नातलगाला जामीन राहतात. तेव्हा भिडेपोटी सही करू नका. कागद वाचा, व्याजाची रीत विचारा, पावती जपा, अडल्यास वेळीच वकिलाकडे जा. देणाऱ्यांनीही हिशेब उघडा ठेवावा. जयंतीला फुले वाहतानाच घरातल्या तरुणांना एवढे सांगितले, तरी हे स्मरण सार्थकी लागेल.