मार्याची चाकरी

रेडियमचा शोध लावणाऱ्या मादाम क्यूरी यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. परंतु ऐन तारुण्यात त्या परक्या घरी मुले सांभाळण्याची व शिकविण्याची चाकरी करीत होत्या, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

१८६७ साली वॉर्सा शहरात जन्मलेल्या या मुलीचे माहेरचे नाव मार्या स्क्लोडोव्हस्का. वडील शिक्षक; आई तिच्या लहानपणीच वारली. पोलंडच्या त्या भागावर तेव्हा रशियाच्या झारची सत्ता होती आणि तेथील विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. मार्या व तिची थोरली बहीण ब्रोन्या या दोघींनाही पुढे शिकावयाचे होते. पैसा मात्र एकीपुरताही नव्हता. तेव्हा दोघींनी ठरविले, की ब्रोन्याने आधी पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हावे, मार्याने नोकरी करून तिला पैसे पाठवावेत आणि पुढे ब्रोन्याने मार्यास बोलवावे.

१८८६ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, मार्या श्चुकी या खेड्यातील एका जमीनदाराच्या घरी येऊन दाखल झाली. हिरव्यागार रानाचे स्वप्न मनात होते. खिडकीतून पाहते तो बीटची उजाड शेते आणि साखर कारखान्याचे धुराडे! पगार वर्षाला ५०० रूबल. दहा वर्षांच्या आंद्झ्याला रोज चार तास शिकवावयाचे. पण घरी पाहुणे आले की तिचे लक्ष उडे. धाकटा स्ताश तीन वर्षांचा. देव सर्वत्र आहे असे दाईने सांगताच, तो आपल्याला चावेल की काय, अशी त्यास धास्ती! असल्या गमती मार्या आप्तांना पत्रांतून कळवी.

गावातील शेतकऱ्यांची मुले मात्र निरक्षरच होती. त्यांस चोरून पोलिश लिहावयास शिकविणे हा गुन्हा. उघडकीस आल्यास सैबेरियात हद्दपारी. तरीही मार्याने घरच्या थोरल्या मुलीला साथीस घेऊन आपल्या खोलीत त्यांची शाळा भरविली.

पुढे त्या घरच्या थोरल्या मुलाने तिच्याशी विवाह करण्याचे मनात आणले. आजवर मायेने वागविणारी मालकीणच आता संतापली. चाकरीस असलेली गरीब मुलगी तिला सून म्हणून चालेना. दुसरी एखादी त्याच दिवशी निघून गेली असती. मार्या राहिली, कारण ब्रोन्याचे शिक्षण अद्याप पुरे व्हावयाचे होते. दरमहा पंधरा-वीस रूबल पॅरिसला जातच राहिले. दिवसा मुलांचे धडे आणि रात्री एकटीने पदार्थविज्ञान व गणित, असा क्रम १८८९ पर्यंत चालला.

१८९१ च्या नोव्हेंबरात, ब्रोन्या डॉक्टर झाल्यावर, मार्या खाण्याचे जिन्नस, अंथरूण आणि घडीची खुर्ची बरोबर घेऊन स्वस्तातल्या डब्याने पॅरिसला निघाली. सॉर्बोनच्या नोंदवहीत तिने आपले नाव फ्रेंच वळणाने मेरी असे लिहिले.